दिवसभर पळणाऱ्या लेकी आणि त्यांची घरं

अबोली

नमस्कार मंडळी,

आमची लेक सव्वादोन वर्षांची आहे. घरी सगळे तिला चिमी म्हणतात, इथेही तेच लिहिते. सकाळी साडेसहाला डोळे उघडले की ती थेट गादीवर उभी राहते. लोळणं, आळोखेपिळोखे हा प्रकारच नाही. तिथून दुपारच्या झोपेपर्यंत चालणंही नाही, पळणंच. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून बाल्कनीचं दार, परत हॉल. मग दिवाणावर चढायचं, "उडी!" असं ओरडून खाली यायचं की पुन्हा वर. तिच्याकडे बघताना एक कळतं की हा व्रात्यपणा नाही. उडी मारताना तिचा चेहरा अगदी गंभीर असतो, पायाचे अंगठे दिवाणाच्या कडेवर घट्ट रोवलेले असतात, ती खाली नीट बघते आणि मगच झेपावते. काम चालू असतं तिचं.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. मध्यंतरी घरी सत्यनारायण होता. आलेल्या मंडळींपैकी दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलीच्या जातीला एवढं हुंदडणं बरं नव्हे, आत्तापासून वळण लाव." त्याच वेळी तिचा चुलतभाऊ, तिच्यापेक्षा वर्षभराने मोठा, सोफ्याच्या पाठीवर घोडा करून बसला होता. त्याला मात्र "पैलवान आहे गडी" म्हणून शाबासकी मिळत होती. हे मला मनापासून लागलं. आज चिमीला त्यातलं काही कळत नाही, पण हीच वाक्यं वर्षानुवर्षं कानावर पडली की मुली आपोआप पाय आवरून बसायला लागतात. तिनं पळावं, चढावं, घसरावं आणि आमचं घर तिच्या पळण्याला पुरावं, एवढं आम्हा दोघांचं पक्कं आहे.

आम्ही पुण्यात सहकारनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. साबा-साबू (सासूबाई-सासरेबुवा) सोबत आहेत. नवऱ्याची शिफ्ट असते, माझं काम बरंचसं घरून. बाल्कनीच्या ग्रिलला आडव्या पट्ट्या होत्या, म्हणजे चढायला शिडीच. फॅब्रिकेटरला बोलावून आतल्या बाजूने तिच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीपर्यंत पारदर्शक शीट ठोकून घेतली. कुंड्या आणि खुर्ची बाल्कनीतून हलवल्या. पुस्तकांचं कपाट भिंतीला क्लॅम्पने आवळलं. स्वयंपाकघरातली सगळ्यात खालची ट्रॉली तिला देऊन टाकली आहे: स्टीलच्या वाट्या, चाळणी, लाकडी रवी, झाकणाचे डबे. सुऱ्या, मिक्सरची भांडी, फिनेल, डासांच्या औषधाच्या रिफिल सगळं वर. मी पोळ्यांची कणीक मळते तेव्हा तिच्यासाठी छोट्या ताटलीत एक गोळा असतो. पाची बोटं त्यात दाबते, हात उचलून पडलेले खड्डे बघते, मग तळव्याने थापटून सपाट करते आणि परत तेच. पोळ्या होईपर्यंत जागची हलत नाही.

तर तुमच्याकडून हवं आहे ते असं. पावसाळ्यात काय करता? एका जागी बसून जेवायला कसं शिकवलंत? आजी-आजोबांची दमछाक कशी टाळता? आणि अशा शेऱ्यांना काय उत्तर देता?

---

टेकडीकर

सहकारनगरला राहता म्हणजे तळजाई टेकडी हाकेच्या अंतरावर आहे! आमची लेक आता चौथीत आहे, पण दोन ते चार या वयात तिला रोज सकाळी टेकडीवर न्यायचो. कडेवर घेऊन नाही, हात धरून. सपाट पायवाटेवर मोठ्यांना वीस मिनिटं लागतात तिथे तिला पाऊण तास लागायचा, कारण प्रत्येक दगड उचलून बघायचा असायचा. मोरांचा आवाज आला की थांबायचं. वसंतात उंदीरमारीची झाडं गुलाबी फुलतात, त्या फुलांचा खाली सडा पडलेला असतो, तो गोळा करायचा. तेवढी फुलं हातातच राहू द्या, तोंडात जाऊ देऊ नका, त्या झाडाचं नावच सांगतं की ते विषारी आहे.

खाचखळग्यांच्या वाटेवर चालण्याने पायाला तोल येतो तो घरातल्या टाइल्सवर येत नाही. सकाळची टेकडी झाली की दुपारची झोप ठरल्या वेळेला आणि गाढ. तुमच्या साबूंना सकाळी फिरायची सवय असेल तर त्यांच्याबरोबरच पाठवा, पण शेजारी अजून एक धडधाकट माणूस हवं. सुटीच्या दिवशी पेशवे पार्कातली फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी, दाखवा. १९५६ पासून धावतेय ती, आमचे वडीलही लहानपणी तिच्यात बसले आहेत.

---

पागोळी

पावसाळ्याबद्दल लिहिते, कारण रत्नागिरीत आमचे चार महिने त्यातच जातात. आमच्याकडे पडवी आहे, हे आमचं भाग्य. पण माझी बहीण मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत राहते आणि तिच्या दोन वर्षांच्या मुलीला तिने छान सांभाळलंय. युक्ती सोपी आहे, पाणी घरात आणायचं. मोरीत पाट टाकून मुलीला बसवायचं, एक पसरट घमेलं, त्यात थोडं पाणी, दोन पेले, एक गाळणी, एक छोटा तांब्या. या पेल्यातून त्या पेल्यात ओतणं अर्धा-पाऊण तास सहज चालतं. आपण मात्र तिथेच बसायचं, तिच्याकडे पाठ करायची नाही, आणि खेळ संपला की घमेलं लगेच पालथं घालायचं. भरलेली बादली तर मोरीत कधीच ठेवायची नाही.

गादी जमिनीवर टाका. उशांचा डोंगर करा. घडवंचीवर चादर टाकली की गुहा झाली. मुलीला वर-खाली करायला मिळालं की झालं. पाऊस थांबला की खाली न्या, चिखलात उड्या मारू द्या, कपडे धुता येतात. फक्त रस्त्यावर साठलेल्या पाण्यात नको, तिथे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) भीती असते, पायाला कुठे खरचटलं असेल तर आणखीच.

---

एकटीच_पुरेशी

ठाण्यात राहते, मुलगी अडीच वर्षांची, मी एकटी वाढवतेय. अबोली, तुझी ट्रॉलीची कल्पना आजच करते.

मी स्पष्ट लिहिते. संध्याकाळी पाळणाघरातून तिला घेऊन सातला घरी पोचते. कुकर लावून भाजी होईपर्यंत माझ्याकडे दुसरं माणूस नाही. तेवढा वेळ टीव्हीवर प्राण्यांचं काहीतरी लावते, वीस-पंचवीस मिनिटं. मोबाईल हातात देत नाही, टीव्ही भिंतीवर आहे, ती त्याच्यासमोर नाचतच असते. ज्यांच्या घरात चार माणसं आहेत त्यांनी "स्क्रीन शून्य" असा दंडक दुसऱ्यांना लावू नये, असं मला वाटतं.

आणि एक, सगळ्या नोकरदार आयांसाठी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांच्या रजेबरोबरच हेही आलंय की ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. आपल्या ऑफिसात विचारा. आम्ही सहा-सात जणींनी एकत्र अर्ज दिला तेव्हाच आमच्याकडे हालचाल झाली.

---

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. चिमीबद्दल जे लिहिलंय ते या वयाचं अगदी निरोगी लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एक ते दोन वर्षं वयाच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं म्हटलंय. तीन तास! आणि एका वेळी तासाभराहून जास्त वेळ त्यांना बाबागाडीत किंवा खुर्चीत अडकवून ठेवू नये. दुपारची धरून झोप ११ ते १४ तास. स्क्रीन एक वर्षाच्या बाळाला अजिबात नाही, दोन वर्षांच्या मुलाला तासाभराच्या आत, जितकी कमी तितकी बरी. त्यामुळे एकटीच_पुरेशी, तुमची वीस मिनिटं मर्यादेत आहेत. जेवताना आणि झोपण्याआधी मात्र नको.

"ही हायपर तर नाही ना?" हे मला आठवड्यातून अनेक आई-वडील विचारतात. त्यांना म्हणायचं असतं एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता. या निदानाच्या प्रचलित मार्गदर्शक सूचना चार वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. दोन वर्षांच्या मुलीला तो शिक्का लावू नका. दाखवायला यावं ते वेगळ्या गोष्टींसाठी: नावाने हाक मारली तर वळून बघत नाही, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही, येत असलेले शब्द बोलणं बंद झालं, सारखा तोल जातो, रात्री तोंड उघडं ठेवून घोरते. आणि जी मुलं जेवत नाहीत पण बाटल्याच्या बाटल्या दूध पितात त्यांच्यात लोह कमी पडतं. दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. लोह कमी असलं की मूल चिडचिडं आणि अस्वस्थ होतं, तो अस्वस्थपणा आणि चिमीचं पळणं यात फरक आहे.

जेवणाबद्दल माझा आग्रह आहे: पळताना घास नाही. घराघरांत मागे वाटी घेऊन धावणं चालतं, त्यात घास श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा आहे. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न चार वर्षांपर्यंत देऊच नका. शेंगदाण्याचं कूट चालेल. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून द्या. अडकलंच आणि मुलाला खोकता येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच ठोके द्यायचे, न निघाल्यास मागून पोटावर आत-वर पाच दाब, आणि दुसऱ्या कुणी तोवर १०८ ला फोन लावायचा. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांनी सुद्धा, हे कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, तूप, हळद काही नाही. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

---

सांगलीची_आजी

मी स्वतः आजी हाय म्हणून बोलते. नात तीन वर्सांची, दिवसभर माझ्याकडंच असती. पोरगीवर जीव हाय, पण गुडघं माझं हायत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एकटीनं पळायचं हे साठीनंतर होत नाही, आणि आम्ही बायका तोंडानं तसं म्हणत नाही. सुनंला वाटतं सासूबाई मजेत हायत. अबोली, तू विचारलंस हेच लई झालं. तुझ्या सासूबाईंना सरळ विचार, कुठल्या येळंला जमतंय आणि कुठल्या येळंला नाही. मला दुपारी एक ते तीन आडवं पडायला लागतंय. आता सूनबाईनं त्या येळंला एक पोरगी लावलीय, ती नातीला खालच्या अंगणात खेळवती. माझी पाठ सुधारली आणि माझी चिडचिड गेली.

आमच्याकडनं पोरांना काय मिळतं तर बसल्या जागंचं काम. शेंगा सोलायच्या, लसूण निवडायचा, वाती वळायच्या. सोललेला दाणा तोंडात जाऊ द्यायचा नाही, डॉक्टरांनी लिहिलंय ते खरं हाय. टरफलं तिच्याकडं, दाणं माझ्याकडं, अशी वाटणी हाय आमची. पळणं तुमच्याकडं आणि बसणं आमच्याकडं, असं घरात ठरवा.

आणि मुलीच्या जातीचं म्हणशील तर मला लहानपणी झाडावर चढू दिलं नाही. नात चढती तवा मी खाली हुबी ऱ्हाते.

---

सह्यकडा

सर्वांचे प्रतिसाद छान. फक्त एका मुद्द्यावर वेगळं मत. नातेवाईक बायका जे बोलल्या ते वाईट हेतूने बोलल्या नसतील. त्यांच्या काळात तसंच होतं. प्रत्येक वाक्याला उत्तर दिलं तर घरात तेढ वाढते. हसून सोडून द्यावं आणि आपलं तेच करावं, असं मला वाटतं.

---

टेकडीकर

सह्यकडा, हेतू वाईट नसतो हे मान्य. पण मुलगी शेजारी उभी असते आणि ऐकत असते. आमची लेक साडेतीन वर्षांची असताना एकांनी तिला "तू मुलगी आहेस ना, असं झाडावर नाही चढायचं" म्हटलं. मी तिथेच, आवाज न चढवता, म्हणालो, "काका, तिला झाडावर चढायला आवडतं आणि ती छान चढते." एवढंच. काकांशी संबंध आजही उत्तम आहेत. उत्तर काकांसाठी नव्हतंच, लेकीच्या कानावर पडावं म्हणून होतं. तिचा बाप म्हणून ते मी बोलायला हवं होतं. ते नेहमी आईवरच का सोडायचं?

---

बालवाडीताई

बरीच वर्षं बालवाडीत शिकवते आहे. ओतणं, निवडणं, झाडणं, पुसणं ही सगळी कामं म्हणजेच या वयाचं शिक्षण, हे आपल्याकडे ताराबाई मोडकांनी फार आधी दाखवून दिलंय. गुजरातमधले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला, पुढे १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं आणि नंतर अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे महागडी खेळणी नव्हती. बिया, शिंपले, पानं, माती, आजूबाजूला जे मिळेल ते.

म्हणून कळकळीची विनंती: मूल फार पळतं म्हणून दोन-सव्वादोन वर्षांचं असतानाच त्याला शाळेत "बसायला" पाठवू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पायाभूत टप्पा वयाची तीन वर्षं पूर्ण झाल्यापासून धरलाय, आणि तोही खेळातून शिकण्याचा. शाळा बघायला जाल तेव्हा आधी अंगण बघा. रंगवलेल्या भिंती आणि एसी असलेल्या, पण पळायला दहा पावलं जागा नसलेल्या शाळा मी पाहिल्यात. तिथे चिमीसारखी मुलगी दोन महिन्यांत "त्रासदायक" ठरते.

घरी तिच्या उंचीचा छोटा केरसुणीचा तुकडा द्या. ओल्या फडक्याने पाट पुसू द्या. घडी केलेले छोटे रुमाल कपाटात नेऊन ठेवायला सांगा, एकेक करून. या खोलीतून त्या खोलीत दहा फेऱ्या होतात आणि तिला काम केल्याचा आनंदही मिळतो.

---

उत्तरवारा

स्वीडनहून, गोथेनबर्ग. मुलगी दोन वर्षांची. इथे एका मुलामागे आई-बाबा मिळून ४८० दिवसांची पालकत्व रजा असते आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव, ते दुसऱ्याला देता येत नाहीत. म्हणून मी घरी होतो, दिवसभर, एकटा. माझा भाऊ दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, त्याला १५ दिवस मिळाले. फरक रजेपुरता राहत नाही. मुलीला कधी भूक लागते, कुठल्या रडण्याचा काय अर्थ, हे मला माझं माझं कळतं, बायकोला फोन करावा लागत नाही. भारतातल्या बाबांना रजा मिळत नसेल तर निदान रविवारची सकाळ पूर्ण त्यांची असावी, उठवण्यापासून जेवण भरवण्यापर्यंत.

पावसाचं म्हणाल तर इथे पाऊस असो, बर्फ असो, मुलं रोज बाहेर जातात. रबरी पाटलोण, वर जॅकेट, गमबूट. तसे रेनसूट भारतातही मिळतात. छत्रीचा नाद सोडा, दोन वर्षांच्या मुलीला हात मोकळे लागतात.

---

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आजींचा प्रतिसाद वाचून संध्याकाळी साबांना तसंच विचारलं. त्या आधी "मला काय होतंय" म्हणाल्या, मग म्हणाल्या की दुपारी चिमी झोपून उठते तेव्हाच त्यांच्या चहाची वेळ असते आणि त्या तासात त्यांना तिच्यामागे धावणं नको वाटतं. आता तो तास मी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये अडवून ठेवला आहे. साबूंनी बसल्या जागेची कामं आपल्याकडे घेतली. काल दोघांनी मिळून मटार सोलले. साबू शेंग उघडून देतात, ती आतले दाणे अंगठ्याने ढकलून वाटीत पाडते, दाणा घरंगळला की त्याच्यामागे धावते, आणून वाटीत टाकते आणि पुन्हा येऊन बसते. दाणा तोंडात जात नाही ना, यावर साबू सारखे लक्ष ठेवून असतात.

जेवणाचं सांगते. डॉक्टरांचं वाचून मागे वाटी घेऊन फिरणं घरात सगळ्यांनीच थांबवलं. पाट मांडतो, सगळे एकदम जेवायला बसतो, तिच्या ताटात वरणभात आणि तिच्या हाताने खायला पोळीचे तुकडे. पहिले दोन-तीन दिवस ती चार घास खाऊन उठली. उठली की ताट उचललं, रागावलो नाही, पुढच्या वेळेपर्यंत मध्ये बिस्किटं-खाऊ दिला नाही. आता बऱ्यापैकी बसते. काऊचा घास, चिऊचा घास मात्र सोडलेला नाही, ते साबांचं खातं.

सह्यकडा, तुमचं म्हणणं कळतं. पण टेकडीकरांचं पटलं. नवऱ्याला ते वाचायला दिलं. परवा आत्या आल्या होत्या, पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा तोच म्हणाला, "आत्या, ती दिवाणावरून उडी मारते ते बघा तर, किती नीट मारते." चिमीने लगेच मारून दाखवली.

एक प्रश्न राहिला. आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्क जोडपं आहे. धपधप आवाजाचा त्यांना त्रास होतो, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यावर कुणी काही केलंय का?

---

पागोळी

बहिणीला हाच प्रश्न होता. जिथे उड्या मारते तिथे खाली जाड फोमच्या जोडायच्या चटया, त्यावर जुनी गादी. नुसत्या चटईने आवाज कमी होतो, थांबत नाही, गादी हवीच. शिवाय खालच्यांना त्यांची विश्रांतीची वेळ विचारून घ्या. बहीण दुपारी दोन ते चार उड्या बंद ठेवते, त्या वेळी मुलगी झोपलेली असते किंवा पाण्याचा खेळ चालतो. आणि लेकीला घेऊन एकदा त्यांच्याकडे जा. बहिणीच्या खालच्या काकूंनी नंतर स्वतःहून विचारलं, "आज वर शांत कसं, बरी आहे ना ती?"

---

टेकडीकर

अबोली, रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तळजाईच्या मुख्य कमानीपाशी असतो. लेकीच्या दोन मैत्रिणीही येतात. चिमीला घेऊन या, बाबांनाही आणा. पायात बंदाचे बूट असू द्या, चप्पल त्या वाटेवर निसटते, आणि एक जादा कपड्यांचा जोड ठेवा.